पाय न ठेवता परदेशी नागरिकत्व: घ्यावं का?

निफाडचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. विषय श्रीमंतांचा आहे आणि मी काही तसा नाही, तेव्हा आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

आमच्या आणि भावकीच्या मिळून द्राक्षबागा आहेत, माल युरोपात जातो. फेब्रुवारी ते एप्रिल कंटेनर रॉटरडॅमला उतरत असतात. पेट्या उघडल्या की तिकडचा व्यापारी फोटो पाठवतो: देठ सुकलाय, मणी गळतायत, भावात इतके कापतो. आपला माणूस समोर उभा असला की ही कापाकापी बरीच कमी होते, हा अनुभव आहे. पण शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) तारीख मिळेपर्यंत इकडे खरड छाटणी सुरू झालेली असते.

गेल्या महिन्यात थोरले मेहुणे नाशिकला एका हॉटेलात सेमिनारला घेऊन गेले. पडद्यावर निळा समुद्र, दोन टायवाले, आणि जेवण उत्तम. त्यांचं सांगणं असं की कॅरिबियनमधले पाच देश नागरिकत्व देतात: सेंट किट्स अँड नेव्हिस, डोमिनिका, ग्रेनाडा, अँटिग्वा, सेंट लुशिया. खर्च दोन ते अडीच लाख डॉलरपासून पुढे. राहायला जायची गरज नाही, मुलाखत व्हिडिओवर, आणि काही महिन्यांत "दुसरा पासपोर्ट" कुरिअरने घरी. त्यावर शेंगेन बिनव्हिसा. सेंट किट्सचा सगळ्यात जुना आणि भरवशाचा, असं त्यांचं म्हणणं. दोन बागा आणि नाशिकचा प्लॉट मोडला तर रक्कम जमते, हे मेहुण्यांनी माझ्याआधी मोजून ठेवलंय.

मला विचारायचं ते एवढंच: हे कायद्यात बसतं का? सातबारा वडिलांच्या आणि माझ्या नावावर आहे, त्याचं काय होणार? बायको ग्रामपंचायत सदस्य आहे. आणि तिकडे प्रत्यक्ष राहून आलेलं कुणी इथे आहे का?

फुकट_फौजदार

घोटाळा किती कोटींचा केलाय ते आधी सांगा, म्हणजे कुठलं बेट ते सुचवतो. (हलके घ्या.)

हिरे व्यापारी मेहुल चोक्सींना नोव्हेंबर २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व मिळालं. जानेवारीत ते देशाबाहेर गेले आणि फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण बाहेर आलं. अँटिग्वाची अट आहे पाच वर्षांत पाच दिवस राहण्याची. एवढी जोरात अट पाळणारं गिऱ्हाईक त्यांना दुसरं मिळालं नसेल. पुढे २०२१ मध्ये शेजारच्या डोमिनिकात पकडले गेले, २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक. पासपोर्ट कसला, वनवासच.

ताळेबंद

फौजदारसाहेब, थट्टा बाजूला. निफाडकर, मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. हा सेमिनार करून आलेले दोन-तीन पक्षकार माझ्याकडेही येऊन गेलेत, त्यामुळे पाठ झालंय.

"दुसरा पासपोर्ट" म्हणाले तिथेच हिशेब चुकला. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व तिथल्या तिथे संपतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही की कुणाचा हुकूम निघावा लागत नाही. तेव्हा दुसरा वगैरे काही नाही, तो तुमचा एकुलता एक पासपोर्ट असेल. ज्या दिवशी तिकडच्या कचेरीत तुमच्या नावाचा दाखला निघेल, त्या दिवशी तुम्ही निफाडच्या ओट्यावर चहा पीत बसलेले परदेशी नागरिक असाल, तेही व्हिसा नसलेले. जुन्या भारतीय पासपोर्टवर त्यानंतर प्रवास केलात तर गुन्हा. तो जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय कार्डाचा अर्ज. तोवर भारतात कुठल्या नात्याने राहताय हे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन समजावून सांगायचं. सेमिनारमध्ये ही स्लाइड नसते.

ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा. मत नाही, निवडणूक नाही. वहिनींनीही कुटुंबाच्या पॅकेजात नाव घातलं तर मतदार यादीतून जाणार, आणि मतदार नाही तर ग्रामपंचायत सदस्य कसल्या राहतील? जमिनीचं असं की आहे ती ठेवता येते, वडिलांची वारसाने येईल ती घेता येते. पण ओसीआयवाल्याला नवीन शेतजमीन, बाग, फार्महाउस विकत घेता येत नाही. शेजारचं दोन एकर विकायला निघालं तर तुम्ही बघत बसणार. निफाडच्या माणसाला हे झेपेल का, तुमचं तुम्ही ठरवा.

पैशाचं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. सेंट किट्सचा किमान आकडाही अडीच लाख. योगायोग छान आहे, पण वकिलाची फी, छाननीची फी, एजंटाची फी त्यावर. शिवाय दहा लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. सव्वादोन कोटी पाठवलेत तर ४३ लाख आधी अडकणार. रिटर्न भरल्यावर वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर खते-औषधांची उधारी कशातून भागवणार?

टॅक्स वाचतो असंही सांगितलं असेल. आयकर खातं प्रामुख्याने दिवस मोजतं. वर्षात १८२ दिवस इथे काढलेत की तुम्ही निवासी, पासपोर्टवर गरुड असो नाहीतर पोपट.

मिरजकरीण

निफाडकर दादा, राहून आलेलं कुणी आहे का विचारलंत म्हणून लिहिते. मी सेंट किट्सला नोकरी केली आहे. अमेरिकन मुलांसाठी त्या बेटांवर खासगी मेडिकल कॉलेजं आहेत, त्यातल्या एकात शरीररचनाशास्त्र शिकवायला होते. आपल्याकडचे निवृत्त प्राध्यापक तिथे बरेच भेटतात, दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी पोहे असतात.

देश केवढा, तर दोन्ही बेटं मिळून २६१ चौरस किलोमीटर, माणसं पन्नास हजारांच्या आसपास. १९८३ ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९८४ च्या नागरिकत्व कायद्यातच पैसे गुंतवणाऱ्यांची सोय करून ठेवली. तेव्हा फारसं कुणी फिरकलं नाही. बेट जगत होतं उसावर. साखर परवडेना म्हणून २००५ मध्ये सरकारने तो धंदा बंद केला. उसाची छोटी रेल्वे अजून आहे, बोटीतून आलेल्या पर्यटकांना बेटाभोवती फिरवते. मी सांगली जिल्ह्यातली. दोन्ही बाजूंना रान माजलेलं आणि मधून उसाची गाडी माणसं भरून चाललेली बघताना माझा चेहरा कसा झाला असेल ते इकडच्या लोकांना सांगायला नको. साखर बंद केल्याच्या दुसऱ्या वर्षी सरकारने साखर कामगारांच्या नावाने एक निधी काढला आणि त्यात पैसे भरेल त्याला नागरिकत्व. तिथून धंदा खरा वाढला.

मी फ्रिगेट बे नावाच्या भागात भाड्याने राहायचे. समुद्रासमोर चांगल्या बांधणीच्या इमारती, त्यातले पुष्कळ फ्लॅट पासपोर्टसाठी घेतलेले. मालक चिनी, रशियन, अरब, थोडे आपले. त्यातलं एकही तोंड मी कधी पाहिलं नाही. रात्री दिवे लागायचे ते आम्हा मास्तरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत. बाकी दारांची पितळी कुलपं खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडलेली. आमचा रखवालदार गयानाचा होता, पणजोबा बिहारमधून उसाच्या मजुरीला गेलेले. जिना उतरताना भेटला की "दीदी" म्हणायचा, एवढीच हिंदी त्याला यायची. चाव्यांचा हा मोठा जुडगा घेऊन तो दर शनिवारी बंद फ्लॅटमधून फिरायचा. प्रत्येक ठिकाणी नळ सोडायचा, संडासात पाणी ओतायचा आणि एसी दहा मिनिटं चालवून बंद करायचा. असं केलं नाही तर पाइप गंजतात, गाद्यांना बुरशी येते. ज्या लोकांचे नळ तो सोडत होता ते सगळे त्या देशाचे नागरिक. तो मात्र कामाच्या परवान्यावर. मुलं तिथल्याच शाळेत, बायको तिथल्याच बाजारात भाजी विकणारी, आणि नागरिकत्वाची फाइल कुठल्यातरी टेबलावर.

मला यात राग आला तो या गोष्टीचा. बेटवाल्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. डोमिनिकाला सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने झोडपलं, घरांची छपरंच्या छपरं उडाली. नंतर जी पक्की घरं बांधली त्यातली पुष्कळ पासपोर्टच्या पैशांतून. ऊस गेलेला, जमीन ओंजळभर, वर्षाआड वादळ. त्यांनी विकायचं तरी काय? हे मी तिथल्या सहकाऱ्यांशी वाद घालून घालून मान्य केलेलं आहे.

पण दादा, तुम्ही विकत काय घेताय ते नीट बघा. तुम्हाला सेंट किट्स नकोय. तुम्हाला रॉटरडॅमचा दरवाजा हवाय, आणि त्याची किल्ली बास्तेरच्या, म्हणजे सेंट किट्सच्या राजधानीतल्या, सरकारकडे नाहीच. ती ब्रसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे आहे. सव्वादोन कोटी एकाला द्यायचे आणि माल तिसऱ्याच्या ताब्यात, असा सौदा तुम्ही द्राक्षात कराल का?

हे नुसतं बोलणं नाही. सेंट किट्सने मध्ये काही वर्षं जन्मस्थळ न छापता पासपोर्ट काढले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने बँकांना सावध केलं की इराणवरचे निर्बंध चुकवायला हे पासपोर्ट वापरले जातायत. त्याच वर्षी कॅनडाने सेंट किट्सच्या झाडून सगळ्या नागरिकांना व्हिसा लावला आणि सरकारला ते पासपोर्ट परत मागवावे लागले. भोगलं कुणी? टोरांटोला मावशीकडे राहून शिकणाऱ्या तिथल्या पोरांनी. खरेदीदाराकडे आणखी दोन देशांची कागदं असतात, त्याचं काय अडतं! माझ्या लॅबमधली तंत्रज्ञ या एका गोष्टीवर अजून तडतडायची.

पुढचंही ऐका. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने डोमिनिकाचा आणि वानुआतूचा (पॅसिफिकमधला, असंच नागरिकत्व विकणारा बेटांचा देश) बिनव्हिसा प्रवेश काढला. वानुआतूचा युरोपने आधी स्थगित केला होता, २०२४ च्या डिसेंबरात कायमचा रद्द केला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने अँटिग्वा आणि डोमिनिका यांच्यावर अंशतः प्रवासबंदी जाहीर केली. कारण सरळ लिहिलंय: राहण्याची अट न घालता नागरिकत्व देतात. सेमिनारमध्ये जी सोय म्हणून सांगितली, तोच आता आरोप झालाय. म्हणून बेटंही आता काही दिवस राहण्याची अट आणायच्या गोष्टी करतायत, म्हणजे कुरिअरची मजाही जाणार. तुमचा पासपोर्ट हातात येईपर्यंत यादीत कोण उरेल ते बास्तेरमध्ये बसलेल्यांनाही सांगता येणार नाही.

म्हापशेकर

मिरजकरीणबाई, किल्लीचं पटलं. आमच्याकडे तर हा प्रकार पैशावाचून घडतो.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुलं, नातवंडं यांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज होता येतं. पोर्तुगाल पाहिलेला असायची गरज नाही. आमच्या वाड्यावरच्या कितीतरी पोर्तुगीजांना पोर्तुगीजमध्ये पाणी मागता येणार नाही मरे. जुन्या नोंदी शोधा, आजोबांच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं दुरुस्त करा, एजंटाला द्या, बस. आणि जायचं कुठे? लिस्बनला कोण जातो! सगळी ब्रिटनला, स्विंडन नाहीतर साउथॉल. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, ३१ डिसेंबर २०२० ला तिकडे राहायची मुभा संपली, आणि उशिरा कागद केलेल्यांच्या हातात नुसता लाल पासपोर्ट उरला. माझ्या चुलतभावाने त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडलं होतं. आता म्हापशात राहतो, ओसीआयवर, आणि पंचायतीच्या निवडणुकीला घरी बसून सगळ्यांना शिव्या देतो.

आमचं निदान आजोबांमुळे तरी आहे. पैसे देऊन हे दुखणं घ्यायचं म्हणजे कमाल.

निफाडचा_शेतकरी

सगळ्यांचे आभार. ताळेबंद साहेबांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिच्या बाजूने विषय संपला.

मेहुणे अजून मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, बेटं नकोत तर माल्टा घेऊ. ते युरोपातच आहे, म्हणजे किल्ली आपल्याच हातात. शिवाय एकदा दिलेलं नागरिकत्व दुसरा देश नाही कसं म्हणू शकेल?

मिरजकरीण

मेहुण्यांना सांगा, दुकान बंद झालं. माल्टाने २०१४ पासून विकलं. नंतरच्या नियमांत एक वर्षाने घ्यायचं तर साडेसात लाख युरो, तीन वर्षांनी घ्यायचं तर सहा लाख, वर घर घ्या किंवा भाड्याने घ्या, वर धर्मादाय दहा हजार. ते एक वर्ष वास्तव्याचं, पण ते कागदावर. फ्लॅट भाड्याने घेऊन ठेवायचा आणि विमानाने तोंड दाखवून यायचं. तिथेही कुणीतरी नळ सोडत फिरत असेलच. युरोपीय आयोग न्यायालयात गेला. २९ एप्रिल २०२५ ला निकाल लागला: युरोपीय नागरिकत्व हा व्यापारी व्यवहार होऊ शकत नाही. त्या उन्हाळ्यात माल्टाने योजना गुंडाळली. सायप्रसची तर २०२० मध्येच गेली. तिथल्या संसदेच्या सभापतींना एका वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्याने पकडलं, गुन्हेगार खरेदीदाराला मदत करायला तयार झालेले. राजीनामा द्यावा लागला.

आणि दुसरा देश नाही कसं म्हणेल? म्हणतो की. नोटेबोम नावाचा एक जर्मन माणूस होता, १९०५ पासून ग्वाटेमालात, मोठा व्यापार. ऑक्टोबर १९३९ मध्ये, महायुद्धाला तोंड फुटल्यावर महिनाभराने, त्याने लिकटेनस्टाइनचं नागरिकत्व घेतलं. एका गावाला २५,००० स्विस फ्रँक दिले, सरकारला साडेबारा हजार, आणि तीन वर्षं राहण्याची अट माफ करून घेतली. हेतू हा की युद्धात जर्मन म्हणून धरू नये. ग्वाटेमालाने १९४३ मध्ये धरलंच, अमेरिकेत छावणीत पाठवलं, मालमत्ता जप्त केली. लिकटेनस्टाइनने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९५५ मध्ये न्यायालय म्हणालं की या माणसाचा त्या देशाशी खरा संबंधच नाही, तेव्हा त्याच्या वतीने भांडायला तुम्ही येऊ शकत नाही. तीन न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं, आणि कायद्याचे लोक त्यावर अजून भांडतात. पण त्याची मालमत्ता त्या निकालाने काही परत आली नाही.

तुमचं काम खरं तर साधं आहे, मेहुण्यांनी ते मोठं केलंय. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेनचा नियम सैल झालाय. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक वेळा जायचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. तुमचे आधीचे व्हिसे आहेत का?

निफाडचा_शेतकरी

आहेत! नेदरलँड्सचे दोन, २०२४ आणि २०२५ च्या हंगामातले. हे एजंटाने कधी बोललं नाही. आता अर्ज केला तर धरेल का? पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय.

ताळेबंद

मग आधी पासपोर्टचं नूतनीकरण करा. व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीत बसली पाहिजे, नाहीतर दोन वर्षांचा मिळायचा तो वर्षाचा मिळेल. दोन्ही जुने व्हिसे ज्या पासपोर्टवर आहेत तो फेकू नका, अर्जाला सोबत लागेल. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, म्हणजे फेब्रुवारीच्या कंटेनरसाठी गणपतीच्या सुमाराला तारखा बघायला लागा. आणि पत्र रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याकडून मागवा, त्यात हंगामात पुन्हा पुन्हा यावं लागतं हे स्पष्ट लिहून घ्या. भाव कापतो तो, एवढं तरी करेल.